काजळाखाली लपलेला डोळा

“याच्या डोळ्यांत काहीही घालायचं नाही. काहीही म्हणजे काहीही,” डॉक्टरांनी बजावलं होतं. ओमकारच्या आईने, वेदिकाने, मान हलवली. काजळ म्हणजे काही औषध नव्हे, असं तिला वाटलं आणि तिने ते मनावर घेतलं नाही. बी.एस्सी. झालेली बाई, बरं का!

मित्रांनो, त्या ‘काहीही’मध्ये मीही होते. मी एक जुनी पितळी डबी आहे, काजळाची.

वेदिकाच्या पणजीने मला राजापूरच्या बाजारातून नाटे गावात आणलं, तेव्हा मी लखलखत होते. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी घरच्या तुपात मळून माझ्यात भरायचे. बारशाला पहिला मान माझा. “डबी असावी तर अशी,” बायका म्हणायच्या आणि मी फुगायचे.

पण आतून मला कधी कोणी धुतलं नाही. काजळाची डबी रिकामी करू नये, अशी त्या घरची रीत. जुन्यावर नवं थापायचं. मासळी साफ केलेली बोटं माझ्यात, पोरांचा शेंबूड पुसलेली बोटं माझ्यात. आणि थुंकी! बोट आधी जिभेला लावायचं, मग माझ्यात बुडवायचं, मग पोराच्या डोळ्यात फिरवायचं. तळाशी तूप खवट झालं, पापण्यांचे केस चिकटले, कधीतरी एक माशी पडली तीही काजळातच मुरली. बाहेरून मात्र दर सणाला मला चिंच लावून घासायचे. माझा मलाच वास सोसत नसे.

तरी मला रत्नागिरीला आणलं. वेदिकाचा चार वर्षांचा ओमकार मूत्रपिंडाच्या दुखण्याने आजारी होता. त्याचं करायला वेदिकाची आई कमळा आली, तिच्या पिशवीतून मी आले. दुखणं आटोक्यात राहावं म्हणून डॉक्टरांनी त्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी करणारी औषधं दिली होती. त्या औषधांनी त्याचं तोंड चंद्रासारखं वाटोळं झालं. हे शेजारणींना काय ठाऊक?

“काय गुटगुटीत झालाय गो! खायला काय घालतेस?”

कमळा दार लावून घ्यायची. “हसतेस काय, वेदू? मेल्यांची नजर लागेल. आण ती डबी.”

सूज औषधाची, लोक तिला बाळसं समजले, आणि त्यावर उतारा म्हणून मी! रोज सकाळी दोन्ही डोळ्यांत जाड रेघा.

“आजी, मी दरोडेखोर दिसतो,” ओमकार आरशात बघून म्हणायचा.

“दिस हो. दरोडेखोराला नजर लागत नाही.”

मग तो डावा डोळा चोळू लागला. उजेडाकडे पाठ करून बसू लागला. “आई, याचा डोळा लाल वाटतोय का गं?” वेदिकाने विचारलं.

“काजळ पसरलंय. हात कुठे स्वस्थ आहेत त्याचे!” असं म्हणून कमळाने पुन्हा बोट ओलं केलं. शी! त्या चिकट पापणीवर माझा काळा लेप बसला आणि खालची लाली दिसेनाशी झाली.

दोन दिवस असेच गेले. नंतर तो पांघरुणातून तोंडच बाहेर काढेना, तेव्हा वेदिकाने ओल्या फडक्याने डोळा पुसला. काजळ गेलं. खाली लालभडक डोळा, आणि बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. त्याला तसाच उचलून ती दवाखान्यात धावली, मागोमाग कमळा.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवा लावून पाहिलं. “काजळानेच झालं असं मी म्हणत नाही. पण काजळाने लपवलं. अजून उशीर झाला असता तर डोळा गेला असता. घराण्यात कोणाचा डोळा असा गेलाय का?”

“नाही. काशीराममामाला लहानपणी विटी लागली होती, तेवढंच,” वेदिका म्हणाली.

कमळा पदराशी चाळा करत होती. “विटी नव्हती,” ती म्हणाली. “गोवरानंतर फूल पडलं डोळ्यात. आमच्या आत्याचंही तसंच, बाळंतपणात. घराण्याला खोड आहे म्हटलं असतं, तर आम्हा पोरींना सून म्हणून कोणी केलं असतं?”

डॉक्टरांनी समजावलं. एखाद्या घराण्यात शरीर ठरावीक जंतूला ओळखायला उशीर करतं. ही उणीव रक्तातून येते. एरवी निभावतं, पण प्रतिकारशक्ती उतरली की जंतू डोळ्यात घर करतो. रक्त तपासलं, तेव्हा ती उणीव ओमकारमध्ये निघाली. वेदिकातही.

ओमकारचा डोळा वाचला. बुबुळाच्या कडेला धूसर डाग राहिलाय, पण त्याला दिसतं. वेदिकाने मला उकळत्या पाण्यात खरवडलं, तेव्हा जो काळा राडा मोरीत गेला, तो बघून कमळाला ओकारी आली. मित्रांनो, तेच आपण पिढ्यान्‌पिढ्या लेकरांच्या डोळ्यांत घालत होतो.

मग कमळानेच नाटे गावी फोन लावला. काशीरामची मुलगी मालन संधिवातासाठी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेते. “मालन, उजेडात उभी राहा आणि कोणालातरी डोळे बघायला सांग. होय, आत्ता! नंतर भाकऱ्या कर.”

तुमच्या घरीही कोणी अशी औषधं घेत असेल. कोणी लांबलेल्या दुखण्यातून उठलं असेल. घराण्यात कोणाचा डोळा गेला होता का, ते थोरांना विचारा, आणि ‘विटी लागली’ एवढ्यावर गप्प बसू नका. पण ते नंतर. आधी साबणाने हात धुवा, त्या माणसाला खिडकीशी बसवा आणि त्याचे डोळे नीट बघा. लाल आहेत? पाणी येतंय? उजेड सोसत नाही? मग डॉक्टरकडे न्या. मी इथेच आहे. तुम्ही उठा, बघून या.