दसऱ्यानंतरचं तिकीट

मखमलाबादचा बहिरू तसा कुणाच्या बापाला भ्यायचा नाही. मार्केटात आडत्याची कॉलर धरलेला माणूस. पण गेले सहा महिने तो एकाच माणसाला भ्यायला लागला होता, सख्ख्या नातीला. हर्षालीनं सरळ डोळ्यात बघून काही विचारलं तर काय, ह्याची त्याला धास्ती.

आणि आज ती त्याला खेटून बसली होती. नाशकात द्वारका चौकात, मोबाईलच्या दुकानावरच्या माळ्यावर, वाल्मीकच्या ऑफिसात. परदेशी जाणाऱ्या पोरांचे कागद करून द्यायचं वाल्मीकचं काम. पोरगा चांगला, पण बोलायचा फार भरभर.

"हळू सांग जरा. मी काय विमान नाय," बहिरू म्हणाला.

"बाबा, तिसऱ्यांदा सांगतोय हां. कोर्स एकच, वर्ग एकच, मास्तर एकच. पण इंग्लंडातल्या रहिवाशाला एक फी आन् बाहेरच्याला जवळजवळ तिप्पट. वरून रहिवाशाला तिथलं सरकार कर्ज देतं, नोकरी लागल्यावर फेडा म्हणतं. बाहेरच्यानं घरून आणायचे."

"आरं पण ही बाहेरची कशी? सहा वर्षांची असल्यापासून तिकडंच वाढली. हिचा बाप, माझा महेश, आजबी तिकडं लॉरी चालवतो."

"वाढली ना. पण पासपोर्ट आपला. तिकडचा फक्त कायम राहायचा परवाना. माणूस सलग दोन वर्षांच्या वर बाहेर राहिला की तो परवाना आपोआप मरतो. ही दोन वर्षं आन् पंधरा दिवस राहिली."

पंधरा दिवस! बहिरूनं धोतराला हात पुसले.

झालं होतं असं. त्याची बायको कलाबाई लकव्यानं पडली तेव्हा सून शुभांगी आणि हर्षाली इंग्लंडहून धावत आल्या. सून मधे एकदा दोन महिने नवऱ्याकडं जाऊन आली, म्हणून तिचा परवाना वाचला. पोरीची बारावी होती, ती हललीच नाही. सकाळ-संध्याकाळ आजीचा मेलेला हात उचलायची, बोटं मोजून व्यायाम घ्यायची. त्यातनंच तिच्या डोक्यात फिजिओथेरपी भरली. पुढच्या वर्षीची सीटही तिनं तिकडं मिळवली. कलाबाई श्रावणात गेली. परतीची तिकिटं सप्टेंबरच्या बारा तारखेची होती.

दोघी निघाल्या चार ऑक्टोबरला. तिकडच्या विमानतळावर शुभांगीला आत घेतलं, आणि पोरीला तिसऱ्या दिवशी एकटीला परत पाठवलं. शुभांगी तिकडं वकिलाचे उंबरे झिजवत राहिली.

"आता एकच दार उघडं हाय," वाल्मीकनं कागद पुढं ओढला. "परवाना परत जिता करा असा अर्ज. तो घातला तर कॉलेज कुठली फी लावायची त्याचा निकाल थांबवून ठेवणार. पण आज संध्याकाळच्या आत गेला पाहिजे. त्यात उशिराचं कारण लागतं. आजी आजारी म्हणावं, तर आजी ऑगस्टातच गेल्या, मृत्यूचा दाखलाच बोलतोय. पण महेशभाऊंनी फोनवर सांगितलं ते कारण दमदार हाय. नाशकातल्या एजंटनं म्हणे सांगितलं होतं, पंधरा दिवसांनी काय फरक पडत नाय. चुकीचा सल्ला. त्याचं नाव काय, बाबा?"

बहिरू टोपी काढून तिची घडी घालत बसला.

"बाबा, नाव सांगा ना," हर्षाली म्हणाली. "पप्पा म्हणाले, तुम्ही स्वतः गेला होता त्याच्याकडे."

"मल्हारी," तो म्हणाला. तोंडाला आलं ते नाव.

"मल्हारी कोण? ऑफिस कुठं? एक चिठ्ठी लागेल त्याची, सहीशिक्क्याची. चला, मी येतो संगं, आत्ता गाडी काढतो." वाल्मीक उठलासुद्धा.

"बस. बस खाली." बहिरूनं मान खाली घातली. "असा कुणी नाय."

पंखा फिरत होता. खाली द्वारकेच्या चौकात हॉर्न कोकलत होते.

"महेशनं मला बजावलं होतं, 'दादा, वीस सप्टेंबरच्या आत दोघींना विमानात बसवा.' मी सुनेला सांगितलं, पितृपक्षात घर सोडू नये, महेशची परवानगी हाय, तिकिटं दसऱ्यानंतरची कर. आन् महेशला सांगितलं, एजंटाला इचारलंय. मला वाटलं, सरकारी तारीख ती. तहसीलात मी सातबाऱ्याला तीनदा उशिरा गेलो, इनंती केली, शिक्का मारून दिला. तिकडंबी कुणीतरी माणूसच बसला असंल ना खुर्चीत?"

"आणि पितृपक्ष?" हर्षालीनं विचारलं. शेवटी बघितलंच तिनं डोळ्यात.

त्याला खोटं बोलता येईना. "झेंडू तोडणीला आला होता, माय. दसऱ्याला माणूस मिळत नाय. तुझी आजी असती तर... तुम्ही दोघी व्हत्या, म्हणून."

म्हणजे गुलाबी फ्रॉकच्या वयापासनं विमानात बसणारी ती पोर, पहाटे पाच वाजता चिखलात उभी राहून क्रेट भरत होती, आणि तिकडं तिचा एकेक दिवस संपत होता. आणि तिला वाटत होतं, आपण आजोबाला मदत करतोय.

"भाव काय मिळाला?" तिनं विचारलं.

"पडला. निम्मा माल गोदाकाठी ओतून आलो."

वाल्मीकनं पेन खाली ठेवलं. "बाबा, हे लिहिलं तर नाकारणार. आन् खोटी चिठ्ठी मी जोडणार नाय, माझं दुकान बंद होईल."

"मळा इकतो. भर ती तिप्पट."

"बाबा, पुरे," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मळा विकून तुम्ही कुठं राहणार? आणि शिकून मी तुमच्या तोंडाकडं कशी बघणार?"

ती उठून जिन्यात गेली. बहिरू मागं गेला, दोन पायऱ्या वर थांबला. तिनं फोन लावला. पलीकडं तिकडच्या कॉलेजातली कुणी बाई बोलत होती. हर्षाली इंग्रजीत, शांत आवाजात, नाव सांगत होती, नंबर सांगत होती. बहिरूला त्यातलं फारसं कळत नव्हतं. 'सीट', 'कॅन्सल' आणि शेवटचं थँक्यू, तेवढं कळलं.

थँक्यू कशाबद्दल, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.