घागर फुटली, नाव उरलं

मित्रांनो, मी एक जुनी खापरी आहे, तळहातावर मावेन एवढी. पूर्वी मात्र मी अख्खी घागर होते. अथेन्सच्या कुंभारवाड्यात मला चाकावर घडवलं, गळ्याभोवती काळा पट्टा रंगवला आणि भाजून काढलं. पुढे मी तिमांद्रोस नावाच्या तत्त्वज्ञाच्या घरी गेले.

तो बाजाराच्या तोंडाशी झाडाखाली बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला प्रश्न विचारी. मी त्याच्या शेजारी असे. 'या घागरीचं पाणी प्यायलं की डोकं चालतं,' असं लोक म्हणत. चांभाराचा मेलांथोस तिथेच लहानाचा मोठा झाला. फुटक्या मडक्यांच्या तुकड्यांवर खिळ्याने गिरवायला त्याला तिमांद्रोसनेच शिकवलं. त्याचं अक्षर बघायला लोक थांबत.

एकदा आमच्या शहराने एक बेट जिंकलं आणि तिथली बायकापोरं विकायचं ठरवलं. भरसभेत तिमांद्रोस उठला. "त्यांची पोरं आपल्या पोरांहून वेगळी रडतात का?" एवढंच त्याने विचारलं. कुणाला उत्तर देता आलं नाही. म्हणून सगळे चिडले.

आमच्याकडे लोक खापरीवर नाव कोरून मत देत; ज्याचं नाव सर्वांत जास्त निघे, त्याला दहा वर्षं शहराबाहेर काढता येई. गुन्हा सांगावा लागत नसे. त्या वर्षी तसं मतदान ठरलं आणि नेमकी त्याच सुमारास बकरीच्या धक्क्याने मी फुटले.

"गुरुजी, तुकडे मी नेऊ?" मेलांथोसने विचारलं. तो आता एका जहाजमालकाचा कारकून होता; बेटावरची बायकापोरं त्या मालकाच्याच जहाजांतून विकायला जायची होती.

"ने की. पोरांना गिरवायला होतील."

"आधी घरात नवी घागर आणा, मग दानधर्म करा!" तिमांद्रोसची बायको क्लेइतो आतून ओरडली.

जहाजमालकाच्या अंगणात मेलांथोसने माझ्यावर खिळा टेकवला. पहिलं अक्षर उमटलं आणि मला कळलं, नाव कुणाचं ते.

मतदानाच्या दिवशी त्याने टोपली भरून आम्हाला रांगेत वाटलं. मी एका अंजीरवाल्याच्या हाती पडले.

"कुणाचं नाव रे हे?"

"तुला वाचता येतं का, काका? नाही ना? मग टाक आणि चल."

"बरं बाबा. आयतं मिळालं, खिळा शोधायला नको."

मोजणी झाली. तिमांद्रोसचंच नाव सर्वांत जास्त निघालं. एकाने मला उचलून नाव वाचलं. तिमांद्रोस पुढे आला आणि माझा काळा पट्टा बघत राहिला.

"ही आमची घागर," तो म्हणाला. मग मेलांथोसकडे वळला. "अक्षर छान आलंय."

"गुरुजी, मी नाही तर दुसऱ्या कुणी लिहिलंच असतं."

"हो. पण इतकं वळणदार आलं नसतं."

"चला आता," क्लेइतो म्हणाली. "याला काय शिकवायचं राहिलंय अजून?"

तिमांद्रोस परक्या बेटावर वारला. मग शहराने त्याचा दगडी पुतळा उभारला. त्याचेच प्रश्न शिकवायला मेलांथोसने शाळा काढली. 'आमचे गुरुजी' म्हणताना तो डोळे पुसत असे. मला बाकीच्या खापऱ्यांसोबत खड्ड्यात ओतलं होतं.

मित्रांनो, आता तुम्ही मला उकरलंत, धुतलंत, काचेत ठेवलंत. मातीला कसलं जपता? बोलणारा माणूस गावात आहे तोवर त्याला जपा. कुणी आयतं नाव हातात ठेवलं, तर टाकण्याआधी एवढं विचारा: याने माझं काय वाईट केलं? त्या दिवशी रांगेत हे कुणीच विचारलं नाही. ऊन फार होतं आणि सगळ्यांना जेवायला घरी जायचं होतं.