पाटीवरचं नाव

मी एक जुनी निरगुडी आहे. मित्रांनो, उन्हाळे, वणवे आणि शेळ्या या तिन्हींना पुरून उरलेल्या थोर कुळात माझा जन्म झाला. सध्या मी दिवाणखान्यात सोफ्याशेजारी असते.

खरं तर ही कुंडी माझी नव्हे. इथे एक महागडं परदेशी झाड राहायचं. त्याला ऊन सोसेना, सावलीही सोसेना. पंखा लावला की पानं गाळायचं. महिन्याभरात त्यानं मान टाकली. मातीच्या पोत्यातून बी होऊन आलेली मी त्याच्या बुडाशी उगवले. घरच्या वहिनींना वाटलं, तेच पुन्हा फुटलं. कुंडीवरची नावाची पाटी त्याचीच राहिली.

मग माझं कौतुक काय विचारता! मला निळी फुलं आली, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "शेवटी परदेशी ते परदेशी. आपल्याकडच्या झाडांना कुठली ही ऐट?" वहिनींनी त्यांना एक फांदी कापून दिली, दागिना उसना दिल्यासारखी.

इकडे माझी मुळं कुंडीत गोल गोल फिरत होती, घाण्याच्या बैलासारखी. पाच वर्षं. मला हवी होती फाटकाजवळची हातभर जमीन. तिथली विकतची हिरवळ दर उन्हाळ्यात करपते.

एकदा माळीकाका आले. त्यांनी माझं पान चुरगळून हुंगलं आणि हसले. "वहिनी, ही तर निरगुडी. रस्त्याकडेला वाढते. फाटकाजवळ लावा, परत बघायला नको तिच्याकडे."

माझी मुळं फिरायची थांबली.

"हळू बोला हो," वहिनी खिडकी लावत म्हणाल्या. "पाच वर्षं सगळ्यांना परदेशी म्हणून सांगितलंय."

"कुंडीत गुदमरलीय ती."

"आणि मी काय तोंड दाखवू?"

माळीकाकांनी पाटीवरची धूळ तेवढी पुसली.

काकूंकडे कुंडी नव्हती, म्हणून त्यांनी ती फांदी अंगणात खोचली होती. ती आता मधल्या कुंपणभिंतीच्या वर डोकावते. परवा तिच्याकडे बघून वहिनी म्हणाल्या, "काकूंच्या हातालाच गुण आहे बाई. आमचं आपलं एवढंच."

मित्रांनो, झाड विकत आणण्याआधी एकदा कुंपणापलीकडे बघा. तिथे न मागता जे उगवलंय, त्यालाही नाव आहे. ते माळ्याला विचारा, चारचौघांत मोठ्यानं घ्या आणि त्याला जमिनीत लावा.

माझी कुंडी बारा इंची आहे.