बारा व्होल्टचे संत

संध्याकाळचे सात वाजले की आमच्या कॉपर मेसा या वाळवंटातल्या निवृत्तांच्या वसाहतीत लोरेटा फिंचच्या अंगणासमोर गोल्फच्या गाड्यांची रांग लागायची. लोक घडीच्या खुर्च्या आणायचे, बटाट्याचं सॅलड आणायचे, आणि आयडा मे तर आपल्या हरवलेल्या मांजराचा फोटो फ्रेमसकट आणायची. सगळ्यांचे डोळे निवडुंगांच्या मधल्या खडीत खोचलेल्या आठ छोट्या दिव्यांवर. त्या दिव्यांतून लोरेटाचा नवरा ग्लेन बोलत असे. ग्लेन मार्चमध्येच वारला होता, पण याची कुणाला अडचण वाटत नव्हती.

"ग्लेन!" ब्रदर ड्वेन हात पसरून म्हणायचा. "आयडा मेचं मांजर सुखरूप आहे का? हो असेल तर उजेड दे!"

आणि फट्कन आठही दिवे लागायचे! आयडा मे फोटो छातीशी धरून रडायची. त्या मांजराचा पट्टा मला गेल्या महिन्यात वसाहतीच्या कुंपणाबाहेर, कोल्ह्यांच्या वाटेवर सापडला होता. तो माझ्या गॅरेजमध्ये होता. पण रडणाऱ्या बाईला काय सांगणार?

हा ब्रदर ड्वेन मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत नुसता ड्वेन होता. आधी पाण्याच्या गाद्या विकायचा, मग क्लबहाउसच्या फळ्यावर चिठ्ठी लावून घरोघरची किरकोळ कामं करायचा. ग्लेननं बागेसाठी दिव्यांचा एक संच आणून ठेवला होता आणि तो बसवायच्या आत बिचारा गेला. "त्याची एवढी हौस पुरी करा," म्हणून लोरेटानं ड्वेनला बोलावलं. त्यानं भिंतीवरच्या प्लगला संचातला विजेचा डबा लावला, जेमतेम दोन बोटं खोल चर काढून वायर पुरली, तिला दिवे चिमटवले आणि अंधार पडायची वाट पाहत बसला. दिवे लागले. मग विझले. मग पुन्हा लागले.

दुसरा कुणी असता तर त्यानं "काहीतरी चुकलंय" म्हणून पक्कड हातात घेतली असती. पण लोरेटा दारातून धावत आली आणि ओरडली, "ग्लेन! अगं बाई, हा ग्लेन आहे! तो असाच डोळे मिचकावायचा!"

ड्वेननं पक्कड खिशात टाकली. ज्याला आठ दिवे धड जोडता आले नाहीत, तो त्या संध्याकाळी संत झाला.

मी एकतीस वर्षं पोस्टमन होतो. लोकांच्या दारात काय काय चालतं ते पाहून मी पुष्कळ कोडगा झालो आहे. त्यामुळे पहिले काही दिवस मी सॅलड खायला जायचो आणि गालातल्या गालात हसायचो. मर्ल टटलनं विचारलं की माझ्या गुडघ्याला वाळवंटातली हवा मानवेल का, ग्लेन हो म्हणाला. मर्ल त्याच वाळवंटात बावीस वर्षं राहत होता. कुणी विचारलं की रविवारी बिंगो ठेवायचा का, ग्लेन नाही म्हणाला. बिंगो रद्द! मेलेल्या माणसानं आमच्या वसाहतीची समिती चालवायला घेतली होती आणि खरं सांगायचं तर जिवंत समितीपेक्षा बरी चालवत होता.

माझं हसू थांबलं एका मंगळवारी सकाळी. लोरेटाकडे कॉफीला गेलो होतो. ओट्यावर तिची गोळ्यांची डबी, आठवड्याच्या सात कप्प्यांची. सगळे कप्पे भरलेले.

"लोरेटा, हृदयाच्या गोळ्या घेत नाहीस?"

"ग्लेन नको म्हणाला." ती कपात बघत होती. "ब्रदरनं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा अंधार."

"अगं, ग्लेनला जन्मात घड्याळाची बॅटरी बदलता आली नाही. तो तुझा डॉक्टर कधी झाला?"

"तू जा, वेंडेल," ती म्हणाली. "तुझी बायको जिवंत आहे. तुला नाही कळायचं."

मी उठलो. तिच्या पायांवर सूज होती ती मला दारातून बाहेर पडताना दिसली.

त्याच संध्याकाळी ब्रदरनं मोठा चमत्कार केला. वायरचं शेवटचं टोक खडीतून उपसलं, आत तांब्याच्या दोन उघड्या तारा. लिंबू सरबतासाठी आणलेल्या जगमधलं पाणी दोन्ही हातांवर ओतून घेतलं आणि दिवे लागलेले असताना दोन मुठींत दोन तारा धरल्या! बायका किंचाळल्या. ब्रदर डोळे मिटून उभा.

"वीज ज्याला ओळखते," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "त्याला ती चावत नाही! ज्याचं मन धुतलेलं, त्याला ओल्या हाताचं भय काय?"

मर्ल खुर्चीतून उठला. निवृत्त न्हावी, वय एक्याऐंशी, वसाहतीतला सगळ्यात भोळा माणूस. "ब्रदर," तो म्हणाला, "माझंही मन धुतलेलं आहे. शनिवारी मी धरतो. आणि ही बारकी वायर नाही, थेट भिंतीतल्या प्लगच्या तारा धरतो! माझी श्रद्धा काही कमी नाही!"

ब्रदरचा चेहरा क्षणभर उतरला. मला तो स्पष्ट दिसला. त्याला तेव्हाच 'वेडा झालास का' म्हणता आलं असतं. पण लोक टाळ्या वाजवत होते.

"श्रद्धा असेल," ब्रदर म्हणाला, "तर काय अशक्य आहे?"

मी तडक बर्निस ओल्झेव्हस्कीचं दार वाजवलं. तिनं चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. खुब्याचं ऑपरेशन झाल्यामुळे ती महिनाभर घराबाहेर पडली नव्हती, म्हणूनच ग्लेनचं एवढं फावलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"दिवे किती वेळ लागतात, किती वेळ विझतात?"

"मोजलं नाही."

"एकतीस वर्षं पत्रं मोजलीस आणि हे मोजलं नाहीस? गाढवा, गाडी काढ!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही अंगणापासून लांब, गाडीत बसून मोजलं. वीस सेकंद उजेड, वीस सेकंद अंधार. ब्रदर प्रश्न विचारताना बुटानं हळूच ताल धरायचा आणि 'हो' हवं असेल तर अंधाराच्या विसाव्या सेकंदाला वाक्य संपवायचा, 'नाही' हवं असेल तर उजेडाच्या. मग तो सॅलड खायला गेला. कुणी काही विचारत नव्हतं, तरी ग्लेन आपला एकटाच: हो, नाही, हो, नाही.

"बिचारा," बर्निस म्हणाली. "मेल्यावरही सुट्टी नाही."

शनिवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मर्लनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो हात ओले करून, स्क्रूड्रायव्हर घेऊन भिंतीजवळ गुडघ्यांवर बसला आणि प्लगच्या झाकणाचा पहिला स्क्रू काढू लागला. ब्रदर सगळ्यात मागे, आपल्या गाडीच्या जवळ उभा होता.

"मर्ल टटल! हात मागे!"

वर्गातला आवाज होता तो. मर्लच काय, अख्ख्या गर्दीनं हात मागे घेतले. बर्निस तिची चालायच्या आधाराची चाकांची चौकट ढकलत आली आणि तिनं ती मर्ल आणि भिंत यांच्या मधोमध रोवली.

"ह्या भिंतीत एकशे वीस व्होल्ट आहेत. ओल्या हातानं धरलेस तर सोमवारी तुझे केस दुसरा न्हावी कापेल, तुला शवपेटीत ठेवण्यासाठी."

"पण ब्रदरनं तर…"

"ब्रदरनं दुसरं काही धरलं होतं. हा डबा बघ. भिंतीतले एकशे वीस ह्यात शिरतात आणि बाहेर पडतात फक्त बारा. बागेत पाणी असतं, फावडं लागतं, कुत्री उकरतात, म्हणून मुद्दामच तसं करतात. डब्यावर छापलंय. चष्मा लाव आणि वाच."

मर्लनं वाचलं. ओठ हलवत, दोनदा.

"आयडा मे, इकडे ये. हात ओले कर. धर ह्या तारा."

"बाई गं, मी मरेन!"

"मरणार नाहीस. आधी मीच धरते." दिवे लागताच बर्निसनं धरल्या. मग आयडा मेनं एक डोळा मिटून बोट लावलं, मग दोन्ही मुठी आवळल्या.

"अय्या, गुदगुल्यासुद्धा होत नाहीत!"

"अभिनंदन. तू संत झालीस. पुढचा!"

आणि खरंच रांग लागली. दहा मिनिटांत आमच्या वसाहतीत तेवीस संत झाले. रांगेतल्या एकाच्या हृदयाला यंत्र बसवलेलं होतं, त्याला तेवढं बर्निसनं हाकललं.

"हे सगळं ठीक," कुणीतरी म्हणालं, "पण ग्लेन उत्तरं देतो त्याचं काय?"

बर्निसनं डब्याच्या कडेला असलेल्या वाटाण्याएवढ्या काचेवर बोट ठेवलं. "हा डब्याचा डोळा. अंधार झाला की हा दिवे लावतो, उजाडलं की विझवतो. आणि ड्वेनरावांनी शेवटचा दिवा खोचलाय कुठे? बरोबर ह्याच्या तोंडासमोर! अंधार झाला, दिवे लागले. समोरचा दिवा डोळ्यात गेला, डब्याला वाटलं सकाळ झाली, त्यानं विझवले. पुन्हा अंधार, पुन्हा लावले. बिचाऱ्या डब्याला रोज संध्याकाळी शंभर वेळा उजाडतंय."

तिनं डोक्यावरची टोपी काढून त्या डोळ्यावर अडकवली. दिवे लागले आणि लागलेलेच राहिले.

"ग्लेन, तू ससा आहेस का?" उजेड. "ग्लेन, तू रशियाची राणी आहेस का?" उजेड. "ग्लेन, ड्वेन भामटा आहे का?" उजेडच उजेड. लोक इतके हसले की सॅलडचं भांडं पालथं झालं.

"ब्रदर!" मर्ल ओरडला. तो हसत नव्हता. "तुम्हाला माहीत होतं! या ना पुढे, तुम्ही धरा भिंतीतल्या तारा! मन धुतलेलं आहे ना?"

"आज माझा… उपवास आहे," ब्रदर म्हणाला. त्याच्या मिशीला सॅलडमधलं अंडं लागलेलं होतं. तो गाडीत बसला आणि गेला. दोन दिवसांनी त्याची खोली रिकामी सापडली.

लोरेटा पायरीवर बसून होती. ती हसली नव्हती. मी तिच्या शेजारी बसलो.

"म्हणजे तो नव्हताच," ती म्हणाली.

"नव्हता."

तिनं त्या स्थिर उजेडाकडे पाहिलं. मग डोळे पुसले. "मला कळायला हवं होतं रे. पंचेचाळीस वर्षांत ग्लेननं एकाही प्रश्नाचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं दिलं नाही. साधं 'जेवलास का' विचारलं तर अर्धा तास बोलायचा."

मग ती रडली. ते दिवे लागल्यापासून ती अशी मोकळी रडली नव्हती, कारण माणूस गेलाय हे तिला कुणी मान्यच करू दिलं नव्हतं. बर्निस पाणी आणि गोळी घेऊन आली. लोरेटानं घेतली. सोमवारी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. तिच्या फुप्फुसांत पाणी साठायला लागलं होतं. "आणखी एक आठवडा गेला असता तर ती वाचली नसती," डॉक्टर म्हणाले.

हे मी हसत सांगितलं, कारण घडलं ते हसण्यासारखंच होतं. पण एक बाई आणि एक म्हातारा न्हावी त्यात मरणार होते आणि आम्ही चाळीस शहाणी माणसं खुर्च्या आणून बघत बसलो होतो. मीसुद्धा. म्हणून एवढंच म्हणतो: आपलं माणूस गेलं तर रडा, त्याची आठवण काढा, पण त्याच्या नावानं कुणी तुमचं औषध बंद करत असेल किंवा तुमचा हात तारेवर ठेवत असेल, तर लगेच उठा आणि तो डबा उघडून बघा. स्वतःला उघडता येत नसेल तर ज्याला येतो त्याला बोलवा. विचारायला लाज वाटू देऊ नका. बर्निस आमच्यापासून चार घरं पलीकडे राहत होती आणि महिनाभर तिचं दार कुणीही वाजवलं नव्हतं.