भुताची पोर

लहानपणी गल्लीतली पोरं आजीला ‘भुताची पोर’ म्हणायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. तिचा बाप मूकपटांत भूत व्हायचा. नायकाचं काम त्याला मिळालं नाही, कारण चेहरा बेताचा. नाटकात कुणी उभं केलं नाही, कारण जीभ अडखळायची. त्याचा एक शब्द बाहेर पडेपर्यंत समोरचा चहा संपवून उठलेला असायचा. मुक्या चित्रात मात्र तोतरेपणा कुणाला ऐकू येणार? तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांभोवती काजळी, बोटांना डिंकाने चिकटवलेली लांब नखं, एवढ्यावर त्या माणसाने भल्याभल्यांची पाचावर धारण बसवली.

ती शाळेत जाऊ लागली न लागली तोच तो तापाने गेला. पोरीला ज्याच्या त्याच्या तोंडून चिडवणं ऐकावं लागतं, म्हणून आईने त्याचे स्टुडिओतले सगळे फोटो चुलीत घातले. “लोकांचे नवरे तोंड काळं करतात, माझ्याने पांढरं केलं,” असं म्हणत घातले. रंगाशिवायचा फोटो घरात नव्हताच. त्यामुळे ऐंशी पार केलेल्या आजीला बापाचा चेहरा आठवत नव्हता. आठवायला बसलं की उबदार अंधार आठवायचा आणि त्याला डिंकाचा वास यायचा. चेहऱ्याचा पत्ता नाही.

आणि आता डोळे चालले होते. मधलं दिसणं जातंय, कडेचं तेवढं राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. कुणाशी बोलायचं तर आजी कोंबडीसारखी मान तिरकी करायची. नात रोज संध्याकाळी तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकायची आणि मग वरून हात ठेवायची. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट, असं एकेक करत. आजीने आपल्या लेकरांना आणि पुढे या नातीलाही असंच झोपवलं होतं. घरात त्याला ‘पडदा पाडणं’ म्हणत. ही युक्ती कुठून आली, असं कुणी विचारलं तर आजी म्हणायची, “हातालाच माहीत.”

नात एका थिएटरात तिकीटखिडकीवर बसायची. एक दिवस ती घरी आली ती चप्पल न काढताच आत शिरली.

“आजी, सापडला! तुझ्या बाबांचा सिनेमा. कुठल्याशा गोदामात डबे पडले होते म्हणे. आमच्याकडे लावलाय.”

“कोण बघणार ते जुनं मढं?”

“अगं, रांग कोपऱ्यावरून वळलीय. सगळी माझ्या वयाची. मी आत डोकावले होते, तर एका जागी मला डोळे झाकून घ्यावे लागले. दोनदा गेले, दोनदा झाकले!”

आजीने मान तिरकी करून नातीचा चेहरा कडेला धरला. मग म्हणाली, “मला चेहरा बघायचाय. अजून थोडं दिसतंय तोवर घेऊन चल.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला दोघी पुढून दुसऱ्या रांगेत बसल्या. त्यांच्या अगदी समोर एक मिशीवाला तरुण होता. त्याची बडबड थांबत नव्हती. “यात आवाजच नाही, घाबरायचं कशाला?” असं मैत्रिणीला सांगून तो लाह्या चघळत होता. पडद्याखाली एक वादक मांडीशी व्हायोलिनपेक्षा मोठं वाद्य घेऊन बसला होता. दिवे गेले.

गोष्ट साधीच होती. एक खाणावळ, वर भाड्याच्या खोल्या. एक पाहुणा येतो, जो जेवत नाही आणि बोलत नाही. रोज कुणीतरी झोपलेलं सकाळी उठत नाही. सुरुवातीला लोक हसले. पात्रांचे हातवारे मोठे, भुवया त्याहून मोठ्या. मिशीवाला सगळ्यांत जास्त हसला. मग तो पाहुणा दारात उभा राहिला, फक्त उभा, आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

“हेच ते, आजी,” नात कुजबुजली. “हेच पणजोबा.”

आजी खुर्चीत सावरून बसली. तिने सरळ पाहिलं तर चेहऱ्याच्या जागी करडा डाग. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मोठ्या मिनतवारीने एकदाचा चेहरा कडेला सापडला: पांढरा रंग, दोन काळ्या खोबणी, चिकटवलेल्या भुवया. तो कुणाचाही असू शकला असता. तिने पुन्हापुन्हा पाहिलं. रंगाखालचा माणूस काही वर आला नाही. एवढं आयुष्य वाट बघून हाती काय लागलं, तर आईने चुलीत घातलं तेच. तिला रडूही आलं नाही, नुसतं थकल्यासारखं झालं.

तेवढ्यात नातीने घाईने डोळ्यांवर हात घेतले. “आली ती जागा.”

पडद्यावर खाणावळवाल्याची लहान मुलगी झोपली होती. वादकाने वाजवणं थांबवलं. सबंध थिएटरात एक खुर्ची करकरत नव्हती. मुलीच्या अंगावर चांदण्याचा पट्टा, आणि पडद्याच्या अगदी कडेने, जिथे आजीला अजून स्वच्छ दिसत होतं तिथून, एक हात आत आला.

तो सावकाश आला. लांब नखं मुलीच्या कपाळाला लागू नयेत म्हणून बोटं जराशी मागे वळलेली. हात तिच्या डोळ्यांवर थांबला आणि उतरू लागला. आधी करंगळी. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं.

मागे कुणीतरी किंचाळलं.

आजीला डिंकाचा वास आला. थिएटरात डिंक नव्हता, पण वास आला, आणि तो उबदार अंधार तिच्या पापण्यांवर असा काही टेकला की ती खुर्चीत लहान झाली. ज्या माणसाला अंगाई म्हणता येत नव्हती, गोष्ट सांगता येत नव्हती, त्याने लेकीसाठी हे शोधून काढलं होतं. भूत व्हायला सांगितल्यावर त्याच्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं, तेच त्याने कॅमेऱ्यापुढे ठेवलं. म्हणून तर लोकांचा आजही थरकाप उडत होता! मारणारा हात ओळखता येतो, त्याच्यापासून पळता येतं. इतक्या मायेने येणाऱ्या हातापुढे माणूस करणार काय? आजीला आपल्या बापाचं अपार नवल वाटलं.

तिने नातीचं मनगट धरलं. “हात काढ.”

“नको ना आजी. मला नाही बघवत.”

“काढ म्हणते ना, कार्टे. बोटं बघ.”

नातीने बोटांच्या फटीतून पाहिलं. मग हात हळूहळू खाली घेतले. पडद्यावर अंगठा टेकत होता.

“आजी, हा तर आपला...”

“हो. पडदा पाडतोय.”

समोर मिशीवाल्याने मान खाली घालून लाह्यांचा पुडा तोंडावर धरला होता. त्याचे खांदे आखडले होते. आजी पुढे वाकली आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“भिऊ नकोस रे बाळा,” ती म्हणाली. “त्याला बोलता येत नाही, म्हणून असं झोपवतो.”