पाचशेचा पॉट

मला सोल्डरिंग येतं. हे आधीच सांगते, कारण कर्जतच्या आमच्या शाळेत ते येणारी मुलगी मी एकटीच असणार. शिकवलं हर्षलदादाने. तो वैजनाथशेठच्या डीजेवर ऑपरेटर आहे; वरातीत, मिरवणुकीत आवाज तोच बसवतो.

सध्या मात्र त्याचं काम जायच्या बेतात आहे. प्रत्येक लग्नातून एकच तक्रार येते, आवाज टोचतो. शेठ म्हणाले, आता एक जरी तक्रार आली तरी डीजेच्या गाडीवर चढू नकोस. दादा म्हणतो, शेठचे स्पीकर फाटलेत.

त्याला जरा बरं वाटावं म्हणून मी त्याच्या इलेक्ट्रिक गिटारचा पॉट बदलायचं ठरवलं. पॉट म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणाखाली असतो तो गोल भाग. त्याच्या गिटारला कुणीतरी अडीचशे 'के', म्हणजे किलो-ओहमचा बसवला होता. दादानेच सांगितलेलं, आकडा लहान असला की बटण पूर्ण फिरवलं तरी आवाजाची वरची धार अर्थिंगला गळून जाते, उरतो तो गोधडीत गुंडाळल्यासारखा. पाचशेचा लावला की धार टिकते. "शेजारच्यालाबी फरक कळंल," असं म्हणालेला.

तो कामावर गेल्यावर मी जुना काढला, नवा बसवला. बोट भाजलं, पण बसवला. वाजवून बघितलं तर आवाज घासलेल्या ताटासारखा लख्ख. मी खोलीभर नाचले.

दादा आल्याआल्या मी बारीक तार छेडली.

"भारू, कमी कर गं," आई आतून म्हणाली. "कानात सुई गेल्यावानी वाटतंय."

दादा बूट काढत म्हणाला, "पॉट कधी बदलनार हाईस?"

"बदललाय."

"गप ए. तसंच तर वाजतंय."

मी तळहातावरचा जुना पॉट दाखवला. त्याने गिटार घेतली, अ‍ॅम्पला कान लावून वाजवली. "दुकानदारानं गंडवलंय तुला. आकडा खोटा हाय ह्याचा."

आई पिठाच्या हातांनी दारात आली. माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा मला सगळी लग्नं कळली.

"दादा, शेठचे स्पीकर चांगले आहेत," मी म्हणाले. "टोचणारा आवाज तुला ऐकूच येत नाही. म्हणून तू तो वाढवत जातोस."

"लई शानी झालीस."

तरी त्याने बारीक तार पुन्हा छेडली, आईच्या तोंडाकडे बघत. आईने डोळे मिटले. पुन्हा छेडली, पुन्हा मिटले. मग त्याने तारांवर हात ठेवला.

माझ्याकडे वळून म्हणाला, "उद्या वरातीला माझ्यासंगं येतीस? नुसतं शेजारी उभं ऱ्हायचं. टोचलं की सांगायचं."

मी हो म्हणणारच होते. असल्या कामाला मी एका पायावर.

"ती येनार न्हाई," आई म्हणाली. "एकाचं कान गेलं तेवढं बास झालं."

दादाने अ‍ॅम्प बंद केला आणि माझ्या तळहातावरचा जुना पॉट उचलून घेतला.

"हाच लाव परत," म्हणाला. "आईला तरी तरास नको."

मी सोल्डरिंग गन प्लगला लावली.