बाईसाहेबांनी घेतलेला चावा

मी एक जुने समुद्रफूल आहे, मित्रांनो. नावात फूल असले तरी मी झाड नव्हे, प्राणी आहे. मला एक पाय आहे, त्याने मी दगड धरून बसते. बोटे मात्र शंभरावर आहेत आणि प्रत्येकाला डंख आहे. लहानसा मासा चुकून शिवला की संपलाच.

एका घड्याळजींच्या बैठकीतल्या काचेच्या टाकीत मी राहते. मी आले तेव्हा तिथे विदूषक माशांचे जोडपे होते. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. या माशांत मादी मोठी आणि हुकूमही तिचाच. म्हणून घड्याळजी तिला बाईसाहेब म्हणत.

पहिल्या दिवशी बाईसाहेब मला शेपटीने शिवल्या आणि झटक्यात मागे सरल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. कधी पोट टेकवत, कधी पंख. आठवडाभर असे चालले आणि माझा डंख त्यांना लागेनासा झाला. दोन दिवस मागे राहून नवऱ्यानेही तेच केले. एवढी चिकाटी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. तेव्हापासून दोघे माझ्या बोटांत झोपतात. मिळालेला घास बाईसाहेब आधी माझ्या तोंडाशी आणून ठेवतात.

पाच वर्षे सुखाची गेली. मग घड्याळजींच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि ते महिनाभर मुलीकडे राहिले. टाकी त्यांच्या मोठ्या बहिणीने, अक्कांनी सांभाळली. अक्का फार मायाळू. पाणी जरा आटले की लगेच भरत, आणि दर वेळी त्यात मीठ विरघळवत. मी आक्रसत गेले. बोटे सुरकुतली, पाय दगडावरून सुटला.

घड्याळजी परतले आणि वाकून मला पाहू लागले.

"अक्का, हे मेलं गं. टाकीत सडलं तर मासेही जातील. काढायलाच हवं."

त्यांनी बाही सरकवून हात आत घातला. बाईसाहेबांनी बोटाला कडकडून चावा घेतला.

"आई गं!"

"बरं झालं!" अक्का म्हणाल्या. "तिच्या घरावर हात टाकतोस?"

घड्याळजी हसले नाहीत. "ती याला सोडत नाही, अक्का. म्हणजे अजून धुगधुगी असेल." त्यांनी पाणी तपासले. "केवढं खारट हे! तू मीठ घालत होतीस?"

"मग? समुद्राचा जीव तो. त्याला अळणी पाजू?"

"अगं, आटतं ते नुसतं पाणी. मीठ मागेच राहतं."

"भाजी आटली की खारट होते, तसंच ना? जन्म गेला चुलीपुढे, आणि एवढं कळू नये मला!"

एकदम गोडे पाणी ओतले असते तर मी खरेच मेले असते. घड्याळजी रोज दोन तांबे खारे पाणी काढत आणि तेवढेच गोडे सावकाश सोडत. बाईसाहेब माझ्यापासून हलल्या नाहीत. पंखांनी माझ्यावर पाणी लोटत राहिल्या. आठव्या दिवशी मी पुन्हा दगड धरला.

मित्रांनो, आम्हाला घरी आणायचे असेल तर आधी आमचे पाणी समजून घ्या. नुसती माया पुरत नाही. आणि आमच्यापैकी कुणाला मेले म्हणून उचलण्याआधी घटकाभर थांबा. त्याला कुणी धरून बसले आहे का, तेवढे बघा.